राळेचं काम विधवांना

"कोण गेलं हो तुमचं?" खिडकीपलीकडच्या पोरीनं विचारलं. मी तिच्या लग्नाच्या परवान्यावर शिक्का मारत होते. एकोणीस-वीसची असेल. तोंडात च्युइंगम, आणि नवरा होऊ घातलेल्या पोराचा हात तिच्या जीन्सच्या मागच्या खिशात. कोणी गेलं नाही, इथं सही कर, मी म्हटलं. तिनं सही केली आणि पोराच्या कानाशी लागून, मला नेमकं ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाली, "आजोबा गेले ना, तेव्हा आज्जीचे डोळे अस्से झाले होते." तो म्हणाला, "गप ना. बाईंना कशाला छळतेस." मग दोघांनी माझ्याकडे अशा काही मायेनं पाहिलं की तो परवाना फाडून त्यांच्या तोंडावर फेकावा असं मला वाटलं. नगरभवनाच्या या खिडकीत बसून माझी बरीच वर्षं गेली. लग्नाचे परवाने देणारी बाई स्वतः बिनलग्नाची, हा विनोद प्रॉव्हिडन्स शहरातल्या अर्ध्या नवरदेवांनी माझ्या तोंडावर करून झालाय आणि मी त्यावर कधी चिडले नाही. विनोदाला उलटं उत्तर देता येतं. दयेला काय देणार? मी खिडकीचं झापड ओढलं, पाटी लावली, आणि बायकांच्या बाथरूममध्ये जाऊन आरशासमोर उभी राहिले. पापण्या फुगलेल्या, कडा लालबुंद, खालची कातडी खपल्या धरून सुरकुतलेली. आरशात मी नव्हतेच. आरशात माझी आई होती. मला दहाव्या वर्षापासून पाठ असलेला तो चेहरा, ज्याला आमच्या टेकडीवरच्या इटालियन वस्तीतल्या सगळ्या गल्ल्या 'इमाकोलाताचे डोळे' म्हणून ओळखतात.

माझा बाप बर्फावर घसरलेल्या ट्रकखाली गेला तेव्हा मी दहा वर्षांची होते. आईनं काळं नेसलं ते आजतागायत. काळं काय, आमच्यात सगळ्याच नेसतात. पण बाकीच्या विधवांचं रडणं सहा महिन्यांत, वर्षात ओसरतं. नातवंडं होतात, तोंडावर पुन्हा तुकतुकी येते. आईचे डोळे ओसरलेच नाहीत. सकाळी सुजलेले, दुपारी लाल, रात्री तर ती कॅमोमाइलच्या थंड चहाच्या पट्ट्या ठेवून खुर्चीत मान मागे टाकून बसायची, आणि मी आणि माझा भाऊ नुन्झिओ चवड्यांवर चालायचो. पाद्र्यानं एकदा प्रवचनात, नाव न घेता पण सगळ्यांना कळेल असं, म्हटलं होतं की या वस्तीत एक स्त्री आहे, तिच्या अश्रूंकडे पाहून आपण निष्ठा शिकावी. बायका सुनांना सांगत, नवरा गेल्यावर इमाकोलातासारखं राहावं. येणाऱ्याजाणाऱ्या बायका सूपाचं भांडं दारात ठेवून जात आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणत, पोरी, आईला सांभाळ हो, तिला तुझ्याशिवाय कोण आहे. मी सांभाळलं. घरात मोठ्यानं हसले नाही. रेडिओ लावला नाही. नुन्झिओ वॉरिकला बायकोकडे राहायला गेला तेव्हा मी त्याला नालायक म्हटलं. तो म्हणाला, "अगं, ती सारखी रडते, मला नाही बघवत." मला बघवत होतं. मी बघत बसले. त्या बाथरूममध्ये उभं राहून, आईचा चेहरा माझ्या मानेवर बसलेला पाहून, पहिल्यांदा माझ्या मनात आलं की मी तर रडलेली नाही. मग हे माझ्याकडे कुठून आलं?

कातडीच्या डॉक्टरनं माझ्या पाठीवर लहान लहान पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवस आंघोळ करू नका म्हणाला, आणि गुरुवारी त्या सोलून काढल्या. तरुण होता, चष्मा नाकावर घसरलेला. जवळजवळ सगळ्या पट्ट्यांखालची कातडी साफ होती. एकाच ठिकाणी फोड उठला होता, आणि त्याला तो सापडल्याचा फार आनंद झाला.

"रेझिन," तो म्हणाला. "ओली राळ. तुम्ही दागिन्यांच्या कारखान्यात आहात का? आमच्याकडे येतात त्यातल्या बहुतेक तिथूनच येतात."

"मी नगरभवनात आहे."

"मग घरी? बोट दुरुस्त करता? खुर्च्या चिकटवता?"

आमच्या वस्तीत घरच्या कामाबद्दल परक्या माणसापाशी बोलत नाहीत. कारखान्याचं काम घरी करायला सरकारी बंदी आहे, आणि बंदी येण्याच्या आधीपासूनची ती सवय आहे. शेवटी म्हटलं, आई करते. तिचा हात अलीकडे कापतो म्हणून हिवाळ्यापासून मी तिला मिश्रण ढवळून देते.

"पुरे झालं तेवढं," तो म्हणाला. "एकदा अंगाला याची ओळख पटली की अंग विसरत नाही. औषध देतो, उतरेल. पण पुन्हा वाफ लागली की पुन्हा येईल. हात लावायलाच हवा असं नाही, त्या खोलीत नुसतं राहिलात तरी पुरतं. पापणीची कातडी पातळ असते ना." मग पेनाचं टोपण बंद करता करता, सहज, हवापाण्याचं विचारावं तसं त्यानं विचारलं, "घरात आणखी कोणाचे डोळे असे होतात का?"

मला आठवतं, मी ब्लाउजची बटणं लावत होते आणि बटणं काजांत जाईनात. कोणाचे नाहीत, मी म्हटलं. का म्हटलं ते मला तेव्हाही कळलं नाही. तेवीस वर्षं सगळ्या वस्तीनं ज्यांच्याकडे बघून रुमाल काढले, ते डोळे या घसरत्या चष्म्याच्या पोरासमोर मी उघडे टाकणार नव्हते, एवढंच. रस्त्यावर आले, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. बस पकडली नाही. टेकडी चढून पायीच निघाले, आणि प्रत्येक पावलाला एकेक गोष्ट जागची हलायला लागली.

बापाला पुरल्यावर चाळिसावा दिवस होण्याआधीच पहिली ताटं आमच्या स्वयंपाकघरात आली. आतिलिओ स्वतः घेऊन आला होता. आतिलिओचा नकली दागिन्यांचा कारखाना ओढ्यापाशी होता; अजून आहे. तो माझा धर्मपिता. बाप्तिस्म्याला त्यानं मला हातावर धरलेलं, म्हणून आई त्याला कुंपारे म्हणते आणि तो तिला कुमारे. सख्ख्या भावाशी माणूस भांडू शकतो, कुंपारेशी नाही. ते नातं देवासमोर लागलेलं असतं. आणि आतिलिओला हे नातं लावायची भारी हौस. घरी काम देई त्या प्रत्येक बाईचं निदान एक पोर त्यानं हातावर धरलेलं होतं. आमच्या गल्लीत एकाच माणसाची इतकी धर्मलेकरं, की शाळेत आम्ही एकमेकांना त्याच्या नावानं चिडवायचो. लोक म्हणत, मोठ्या मनाचा माणूस. आज चढण चढताना मला त्या मोठ्या मनाचा हिशेब लागला. ज्याच्या हातावर आपलं लेकरू ठेवलं, त्याच्याविरुद्ध तोंड कोण उघडणार?

ताटात पितळेच्या फुलपाखरांचे सांगाडे असत, पोकळ पाकळ्यांची फुलं, पोपट, नावा, ख्रिसमसची झाडं. त्या पोकळ्यांत रंगीत राळ भरायची. दोन डबे: एकात मधासारखी दाट राळ, दुसऱ्यात ती घट्ट करणारं पाणी, ज्याला खारवलेल्या बकाला माशाची घाण यायची, भिजत घातलेला मासा पाणी न बदलता विसरला की येते तशी. कागदी पेल्यात दोन्ही मोजून ढवळायचं, रंग घालायचा, आणि काडीच्या टोकानं एकेक थेंब पाकळीत सोडायचा. बुडबुडा आला तर टाचणीनं फोडायचा. मिश्रण आटायच्या आत काम उरकायचं. पेल्यात उरलेलं हाताला चटका बसेल इतकं तापायचं. मग ताटं स्वयंपाकाच्या भट्टीत, मंद आचेवर. त्याच भट्टीत रविवारी भाजलेली शेवई. माझ्या लहानपणीच्या सगळ्या जेवणांना मागून एक बकालाचा वास आहे, जो बकाला नव्हता. भरलेला पोपटाचा पंख उजेडाकडे धरला की असा चमकायचा की अस्सल मिन्याचा वाटावा. आई तो धरून बघायची, सुजल्या डोळ्यांच्या फटीतून. मला वाटायचं, बिचारी दुःखातही काम करते.

गल्लीत सगळ्याच घरांत आतिलिओचं काम होतं, पण सारखं नव्हतं. हे मला नेहमीच माहीत होतं आणि कधीच दिसलं नव्हतं. काखेत कळसा म्हणतात तो हाच. साखळ्या जोडायचं काम, कानातल्यांच्या जोड्या पुठ्ठ्यावर लावायचं काम, खडे चिकटवायचं काम, हे सगळं नवरा असलेल्या बायकांना. राळ मात्र खालच्या मजल्यावरच्या त्सिया, म्हणजे मावशी, रोझीनाला, कोपऱ्यावरच्या नेव्हेस बाईला, आणि आमच्याकडे. रोझीनाचा नवरा क्षयानं गेला, नेव्हेसबाईचा तुरुंगात मेला. सगळ्या विधवा. राळेला पैसे जरा जास्त मिळत, म्हणून लोक म्हणत, बघा, आतिलिओ चांगलं काम विधवांना देतो. आणि कारखान्यात? कारखान्यात राळेच्या खोलीत पोरी होत्या, लग्नाच्या वयाच्या, आणि एका हिवाळ्यात त्यांतल्या कितीतरी तोंडं सुजून घरी बसल्या, एकीच्या बापानं कारखान्यावर येऊन काच फोडली, हेही मला माहीत होतं, सगळ्यांनाच होतं. पोर सुजली की बाप विचारतो. बायको सुजली की नवरा विचारतो. विधवा सुजली की कोणी विचारत नाही. सूपाचं भांडं ठेवतात आणि जातात. हे ज्या माणसाला सुचलं तो माणूस मला मांडीवर घेऊन साखरेत घोळलेले बदाम भरवायचा. भर रस्त्यात मी थांबले, आणि त्याला माझ्या तोंडात येतील तेवढ्या शिव्या दिल्या, मोठ्यानं. भाजीवाला बघत राहिला. बघू दे.

पण आई? आईला त्यानं फसवलं, असं मी चढणीच्या अर्ध्यापर्यंत मानत होते. माझा राग आतिलिओच्या मानगुटीवर बसून आरामात वर चढत होता. मग जुलै आठवला. जुलैच्या सुरुवातीला शहरातले सगळे दागिन्यांचे कारखाने दोन आठवडे बंद असतात. बंदचे आठवडे म्हणतात त्यांना, लोक समुद्रावर जातात. त्या दिवसांत आमच्या टेबलावर ताटं नसत. आणि त्या दिवसांत आई घराबाहेर पडत नसे. पडदे ओढून बसायची. दारावर कोणी आलं तर मला सांगायची, आईला बरं नाही म्हण. कार्मेलच्या मातेच्या उत्सवाला जावंच लागलं तर काळा चष्मा घालून, डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून. आईबापाचं लग्न जुलैतलं, म्हणून मला वाटे, या दिवसांत तिचं दुःख उसळतं. एकदा, मी बारा-तेरा वर्षांची असेन, न विचारता तिच्या खोलीत शिरले. ती आरशासमोर बसली होती आणि तिचे डोळे स्वच्छ होते. पांढरेशुभ्र, मोठे, कडांना काजळ घातल्यासारखे काळे. मला ती इतकी सुंदर दिसली की मी दारातच उभी राहिले. तिनं आरशातून मला पाहिलं आणि चेहरा हातांत झाकला. मी समजले, आता रडणार. पाय न वाजवता बाहेर आले. ती रडली नव्हती. ती लपली होती. मी सांगते, आतिलिओच्या मानगुटीवरून तो राग तिथल्या तिथे उतरला आणि घराकडे माझ्यापुढे पळायला लागला.

कारण वॉल्टर. या सगळ्यात वॉल्टरचं नाव मी मुद्दाम घेत नव्हते. तो नौदलाच्या तळावर नकाशे काढायचा, आमच्यातला नव्हता, उंच, बोलायला हळू, आणि खिडकीवर मित्राचा साक्षीदार म्हणून आला होता. परवाना मित्राला मिळाला आणि जेवायला मला बोलावणं. दीड वर्ष आम्ही नदीपलीकडे भेटत होतो, टेकडीवर नाही. घरी कसं नेणार? जिथं आई बापासाठी अजून रडते, तिथं मी माणूस घेऊन जाऊ? तो म्हणायचा, "एकदा भेटव तर. मी काही तिला खाणार नाही." मी म्हणायची, थोडं थांब, तिला जरा बरं वाटू दे. मग तळ बंद झाला, त्याची बदली दूर नॉरफोकला झाली, आणि त्यानं सरळ लग्नाचं विचारलं. त्या आठवड्यात आतिलिओनं मला नगरभवनाबाहेर गाठलं. त्यानं आम्हाला पुलावर पाहिलं होतं. त्यानं गाडीचं दार उघडलं, आत बस म्हणाला, माझ्या हातावर हात ठेवला. "लेकी, मी काही बोलणार नाही. मी कोण बोलणारा? पोरगा चांगला असेल. पण तुझी आई अजून रडते गं. मी बघतो ना, दर शनिवारी बघतो. तू गेलीस तर ती मरेल. तुझा निर्णय. मी कुमारेला काही सांगणार नाही, माझ्या पोटात राहील." वॉल्टरला मी नाही म्हटलं. तो रडला, सरळ माणसासारखा, दोन मिनिटं, आणि त्याचे डोळे लगेच कोरडे झाले, आणि मला वाटलं होतं, याचं प्रेम आईइतकं खोल नाही.

स्वयंपाकघराचं दार ढकललं तेव्हा आई टेबलाशी होती. दिवा खाली ओढलेला, ताटभर मोर, पिसारे रिकामे. तिनं मान वर केली नाही.

"आलीस? ती काडी दे इकडे. निळा आटायला लागलाय."

"मा, हे सगळं उचल."

"काय उचल?"

"डबे. ताटं. सगळं. डॉक्टर म्हणतो, माझ्या डोळ्यांना याचीच बाधा झालीय."

"डॉक्टर म्हणणारच. बिल लावायला काहीतरी म्हणायला नको? थंड चहाची पट्टी ठेव, दोन दिवसांत उतरतं. मी नाही ठेवत?"

मी नाही ठेवत? इतक्या सहज. रोजचं मीठ मागावं तसं. माझा आवाज चढला. "म्हणजे तुला माहीत होतं. हे रडणं नव्हतं, तुला माहीत होतं!"

तिनं एका मोराच्या पिसाऱ्यात एक थेंब सोडला, मग दुसरा. "ओरडू नकोस, रोझीना खाली आहे," ती म्हणाली. "रडायला वेळ कुणाला होता, एर्सी?"

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून. कुंपारेनं सांगूनच दिलं ना. म्हणाला, कुमारे, डोळे सुजतील, पोरींचे सुजतात, पण पैसे बरे आहेत. आणि तुला कोण विचारणार? मी म्हटलं, आण."

आण. मी डोळ्यांसमोर तिची शंभर रूपं आणली होती: फसलेली, भोळी, गप्प सोसणारी. आतिलिओची मान मुरगळायला मी तिच्या बाजूनं निघाले होते. आणि ती म्हणते, आण. "मग लोकांना सांगितलं का नाहीस? मला? मी दहा वर्षांची होते!"

"लोकांना काय सांगू? पाद्र्याला सांगू, की फादर, ते प्रवचन परत घ्या?" ती चक्क हसली. "लोक म्हणाले रडते. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. सगळ्यांना बरं वाटलं. आणि मला काय मिळालं सांगू? पंचेचाळीस दिवस झाले नाहीत तोवर तुझी आत्या त्या खाटकाचं स्थळ घेऊन आली होती, दोन पोरांचा बाप. माझे डोळे बघून उलट्या पावली गेली. पुन्हा कोणी आलं नाही. रडणाऱ्या बाईच्या दारात पुरुष फिरकत नाही. मला निवांत काम करता आलं." तिनं काडी पुसली. "तुझा बाप वाईट नव्हता. पण तो होता तोवर या टेबलावर माझं काय होतं? त्याचं ताट."

राग येतो तेव्हा माणसाला वाटतं की समोरचा खोटं बोलतोय. तो राग सोसवतो. मला आला तो वेगळा; ती खरं बोलत होती, आणि खुशीत होती. तेवीस वर्षं ती खुशीत होती. मी ज्या घरात चवड्यांवर चालले, त्या घरात कोणीही दुःखी नव्हतं, माझ्याखेरीज.

"मी तुझ्यासाठी राहिले," मी म्हटलं. "तू रडतेस म्हणून राहिले. वॉल्टरला मी तुझ्यासाठी नाही म्हटलं."

आईनं आता मान वर केली. सुजल्या पापण्यांच्या फटीतून तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"कोण वॉल्टर?"

मी सांगितलं. उभ्यानं, कोटसकट, सगळं सांगितलं: खिडकी, पूल, नॉरफोक, आतिलिओची गाडी. निळा पेल्यात आटून गेला, आणि तिनं तो आटू दिला. हे मी माझ्या जन्मात पाहिलं नव्हतं. आतिलिओचं ऐकून तिच्या तोंडाचा एक कोपरा वाकडा झाला. "डुक्कर," ती म्हणाली. "माझं काम अडेल म्हणून भ्याला. तेव्हा डबे कोण वर उचलून आणायचं? तू." मग तिनं विचारलं, "आमच्यातला नव्हता?"

"नव्हता."

"चाललं असतं," ती म्हणाली. तिनं पेला उचलला, उलटा करून पाहिला, बाजूला ठेवला. "मला काय ठाऊक, एर्सी. मला वाटायचं, तुला कोणी विचारतच नाही. रोझीना टोचायची, तुझी घरातच बसली म्हणून. मी म्हणायची, असू दे, बिचारी कुठं जाईल. मी तुला कधी बोलून दाखवलं? एका शब्दानं?"

नव्हतं दाखवलं. अभिमानानं सांगत होती. इतकी वर्षं मी हिची कीव करत या घरात राहिले, आणि ही माझी कीव करत मला ठेवून घेत होती. दोघी एकाच टेबलावर समोरासमोर बसून, एकमेकींना सांभाळत. मला ताट उचलून भिंतीवर मारावंसं वाटलं. मी ते उचललंही. मोर हलले, निळे थेंब काठावर सरकले, आणि आईचे दोन्ही हात आपोआप पुढे आले, ताटाकडे, लेकरू पडताना येतात तसे. माझ्याकडे आले नाहीत. मी ताट खाली ठेवलं.

"आता सांग," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणतो, ही वाफ असेल त्या घरात मी राहू शकत नाही. ही ताटं राहणार की मी?"

"शनिवारी न्यायला येईल तो."

"मा, मी विचारलं काय?"

"ऐकलं." ती सरकलेले थेंब टाचणीनं जागेवर आणत होती, हात कापत होता, तरी एकही काठाबाहेर गेला नाही. "मी साठीची बाई आहे. मला हे एवढंच येतं, आणि हे माझं आहे. तुला काय, तू शिकलेली. तू कुठंही राहू शकतेस." ती हे प्रेमानं म्हणाली. लहानपणापासून मी तिच्या आवाजात शोधत आले ती माया हीच होती.

मी खोलीत गेले आणि कपाटावरची बॅग खाली काढली. काय घ्यायचं हे ठरवायची गरज पडली नाही. हाताला येईल ते कोंबत गेले, हिवाळ्याचे कपडे, चपला, इस्त्री न केलेले ब्लाउज. कुठं जायचं तेही ठरलं नव्हतं. आज रात्री नुन्झिओकडे, त्याच नालायकाकडे, पुढचं पुढे. झाकण लागेना. गुडघा देऊन दाबलं, तरी कड्या जुळेनात, आणि मी त्या बॅगेलाही शिव्या दिल्या. आई दारात येऊन उभी होती. फडक्यानं हात पुसत ती आत आली, बॅगेवर बसली, आणि आपलं सगळं वजन टाकून म्हणाली, "हं, आता लाव." मी खाली वाकून कड्या लावल्या. त्या लागल्या तरी ती उठली नाही. ती माझ्याकडे बघत नव्हती. खिडकीकडे बघत होती, मग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"तेव्हाच सांगायचं होतंस गं वॉल्टरचं," ती म्हणाली. "इथं उजेड किती चांगला आहे. राळेची दोन टेबलं आरामात मावली असती."